बाईंची कादंबरी आणि आमचं रान

माझं काम काय आहे, हे माझी आई शेजारणींना एका वाक्यात सांगते. "ती कॉलेजात पोरास्नी इंग्रज बाईच्या गोष्टी सांगती." मी तिला एकदा म्हटलं, आई, गोष्टी सांगत नाही, कादंबरीची समीक्षा शिकवते. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मंजी गोष्ट सांगून झाली की तिच्याबद्दल बोलत बसता. त्येच की." मला त्यात दुरुस्ती सुचली नाही. अजूनही सुचलेली नाही.

दिवाळी अंकासाठी कामाचा अनुभव लिहा असं सांगितल्यावर पहिल्यांदा मनात आलं, की आपल्या कामात अनुभव तो कसला. डॉक्टरांकडं पेशंट असतात, वकिलांकडं खटले असतात. माझ्याकडं एक लेखिका आणि दहाबारा मुलं-मुली. तीसुद्धा तासिका तत्त्वावर. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: जेवढे तास घ्याल तेवढ्यांचंच मानधन. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी प्राध्यापक नसते. कॉलेज उघडताना परत मुलाखत देते आणि परत प्राध्यापक होते. शिवाय पीएच.डी.ला नाव घातलं आहे, म्हणजे विद्यार्थिनीही आहेच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळं असेल, पण पुस्तकाबद्दल काही ठामपणे बोलले, की मागून कुणीतरी 'तुला काय कळतंय' म्हणेल असं अजून वाटतं. हा लेखही तसाच, भीत भीत लिहिते आहे.

माझ्या अभ्यासाच्या लेखिका दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात होऊन गेल्या. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव वाचलं की आमच्याकडची माणसं 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून पान उलटतात. मीही तेच करायचे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. आमच्या वर्गात सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. "मॅडम, आज बाईंचा तास आहे का?" असं विचारतात.

बाईंच्या कादंबऱ्यांत लढाई नाही, खून नाही, भूत नाही. खेड्यातली घरं आहेत. लग्नाच्या मुली आहेत, त्यांच्या आया आहेत, आणि सगळ्यांच्या बोलण्यामागं जमीन आहे. कुणाच्या नावावर किती, आणि बाप गेल्यावर ती कुणाकडं जाणार. अभ्यासक्रमात आम्हाला दोन कादंबऱ्या आहेत. पहिलीत एका बापाला मुलीच मुली. तिथल्या रिवाजानं जमीन मुलींना मिळत नाही, लांबच्या पुरुष नातेवाइकाला जाते. दुसरीत एक गरीब मुलगी मोठ्या जमीनदाराला दिलेल्या मावशीच्या घरी वाढते.

सातारला एम.ए. करताना मी हे सगळं गाईडमधून पाठ केलं होतं. स्त्रीवादी दृष्टिकोन, मुद्दे इतके. मार्क्सवादी दृष्टिकोन, मुद्दे इतके. वसाहतोत्तर दृष्टिकोन, मुद्दे थोडे कमी. मी सगळे लिहिले आणि चांगले मार्क मिळाले. तोंडी परीक्षेला एका सरांनी उत्तरपत्रिका बाजूला ठेवली आणि विचारलं, "हे झालं लोकांचं. तुला स्वतःला यात काय दिसलं?" मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत बसले. त्यांनी मला पास केलं, पण तो प्रश्न घेऊन मी सातारहून परत आले.

पुढं शिकवायची वेळ आली तेव्हा मुलांना हे दृष्टिकोन समजावणं आलं. पहिल्या वर्षी मी गाईडच वाचून दाखवलं. मुलं लिहून घेत राहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला मीच दिसायला लागले. दुसऱ्या वर्षी एक दिवस गाईड मिटलं आणि आमच्या रानाबद्दल बोलले.

आमचं रान कुंडलच्या पलीकडं, नदीच्या अंगाला आहे. तलाठी आला की त्याला त्यात गट नंबर दिसतो. साखर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी घेणारा माणूस आला, की त्याला उसाची जात आणि लागणीची तारीख दिसते. धनगर बांधावर उभा राहतो आणि मेंढरं किती दिवस चरतील ते बघतो. माझ्या आईला जांभळाचं झाड दिसतं, कारण अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथं बसून जेवायचे. रान एकच आहे. चौघांतलं कुणी खोटं बोलत नाही. पण तलाठ्याला जांभूळ दिसत नाही आणि आईला गट नंबर पाठ नाही. कादंबरीचे दृष्टिकोन हे असेच, असं मी सांगितलं. ही तुलना फार शास्त्रशुद्ध आहे असं मला वाटत नाही, पण त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा कुणीतरी लिहिणं थांबवून वर बघितलं.

वर बघणारा बिरुदेव होता. तो पूर्वेकडच्या दुष्काळी भागातला, धनगराच्या घरातला. त्याचे वडील दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आमच्या नदीकडच्या पट्ट्यात येतात. बिरुदेव बोलायचा कमी, पण त्यानं तोंड उघडलं की वर्ग जागा व्हायचा. जमीनदाराच्या घरचा प्रसंग चालला होता, सगळे लोकरीचे कपडे घालून चहा पीत होते. बिरुदेव म्हणाला, "मॅडम, एवढी लोकर हाय, मग मेंढरं कोण राखतंय? आख्ख्या पुस्तकात एक मेंढका दिसना मला."

वर्ग हसला. मीही हसले. मग सांगितलं, की मार्क्सवादी समीक्षक हेच विचारतात. घर कुणाच्या कष्टावर चाललंय आणि ती माणसं कादंबरीत का दिसत नाहीत? बिरुदेव म्हणाला, "मग मी मार्क्सवादी हाय का?" मागून एकजण म्हणाला, "न्हाई रं, तू मेंढकाच हायस." तो दृष्टिकोन मला पुन्हा कधी शिकवावा लागला नाही.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे सुभेदार काका. फौजेतून निवृत्त होऊन, नातवंडं शाळेत जायला लागल्यावर त्यांनी एम.ए.ला नाव घातलं. वर्गात पहिल्या बाकावर ताठ बसायचे आणि मी आत आले की उभे राहायचे. मी कितीदा म्हटलं, काका, उभं राहू नका, मी तुमच्या मुलीच्या वयाची. ते म्हणाले, "वर्दीला सलाम असतो मॅडम, वयाला न्हाई." माझ्या अंगावर कसली वर्दी, ते मला कळलं नाही.

काकांना बाईंच्या फौजी लोकांचा राग होता. कादंबरीत एक पलटण गावाजवळ येऊन राहते आणि अधिकारी सगळा वेळ नाचात आणि पत्त्यांत घालवतात. काका म्हणाले, "मॅडम, ह्यांची ड्यूटी काय हाय नक्की? त्या टायमाला तिकडं लढाई चालू होती म्हणता. मग ही मंडळी इथं काय करत्यात?" मी म्हटलं, समीक्षकही हाच प्रश्न विचारतात. युद्ध चालू असताना बाईंनी युद्ध दाराबाहेर का ठेवलं? कुणी म्हणतं, त्यांना ते दिसलं नाही. कुणी म्हणतं, बायकांना जेवढं दिसायचं तेवढंच त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. काका विचार करून म्हणाले, "माझी मंडळीबी मला इतकी वर्षं पत्र लिहीत होती. पत्रात शेळी व्याली ते लिहायची. बॉर्डरबद्दल एक शब्द नसायचा. भीत नव्हती असं न्हाई." मग ते खाली बसले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

सगळ्यात जास्त वेळ चालला तो उसाचा तास. दुसऱ्या कादंबरीतला मावशीचा नवरा मध्येच समुद्रापलीकडच्या एका बेटावर, त्याच्या मळ्यांची व्यवस्था बघायला जातो. बाई त्याबद्दल फार बोलत नाहीत. पण आजच्या समीक्षकांनी तेवढाच धागा धरून ओढला. ते मळे कसले, तर उसाचे. राबत कोण होतं, तर विकत आणलेली माणसं. वसाहतोत्तर दृष्टिकोन तो हा: इंग्लंडातल्या शांत घराच्या पायात दुसऱ्या कुणाचं तरी बेट गाडलेलं आहे, ते शोधायचं. हे मी उसाच्या पट्ट्यातल्या त्या वर्गाला सांगितलं. मग प्रश्न आले ते कुठल्याच गाईडात नव्हते. तोडणी हातानं का? टोळ्या कुठून यायच्या? बायका पण असायच्या का? लहान पोरं कुठं ठेवायची? मला सगळ्याची उत्तरं माहीत नव्हती. माहीत नाही असं सांगायला मी त्या दिवशी शिकले.

माझी शिकवायची एक सवय इथं सांगायला हवी, कारण पुढं तीच माझ्या अंगावर आली. बाईंच्या लेखनात एक गंमत असते. वाक्य लेखिकेचं वाटतं, पण नीट ऐकलं तर ते कुठल्यातरी पात्राच्या मनातलं असतं. शेजारच्या काकूंचं मत लेखिकेच्या आवाजात येतं आणि वाचणारा फसतो. म्हणून मी प्रत्येक पानावर मुलांना थांबवते आणि विचारते, "हे कोण बोलतंय?" दुसरा नियम असा, की न वाचलेल्या पानाबद्दल एक ओळही लिहायची नाही. मुलं याला कंटाळतात. बिरुदेव तर कँटीनमध्ये चहा आला तरी "हे कोण बोलतंय?" असं माझ्या आवाजात म्हणायचा, असं मला नंतर कळलं.

पहिल्या कादंबरीतला वारसा शिकवत होते तेव्हा अश्विनीनं हात वर केला. ही आमच्याच पट्ट्यातली, तिघी बहिणी आणि एक धाकटा, पायानं अधू भाऊ. ती म्हणाली, "मॅडम, बाईंच्या मुलींना जमीन मिळाली नाही, कारण तिकडं कायदाच तसा होता. आपल्याकडं कायदा देतो. तरी आपल्या आया-आत्यांच्या नावावर काय आहे?"

वर्गात प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. बाप गेला की सातबाऱ्यावर मुलींचीही नावं लागतात. मग काही दिवसांनी बहिणींना तालुक्याला नेतात आणि हक्कसोडीच्या कागदावर सह्या घेतात. भांडण नसतं, जबरदस्ती नसते. बहीण सही करते, भाऊ साडी घेतो, आणि माहेरचा दरवाजा उघडा राहतो. सही न करणारी बहीण पुढं कुणाच्या लग्नात दिसत नाही.

अश्विनीनं मग विचारलं, "तुमी केली का सही, मॅडम?"

अण्णांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. वारसनोंद झाली होती. सातबाऱ्यावर आईचं, दादाचं आणि माझं, अशी तीन नावं होती. मी म्हटलं, अजून वेळ आली नाही. खरं म्हणजे दादा सुट्टीवर यायचा होता आणि वेळ कधी येणार हे मला पक्कं माहीत होतं. तासाची घंटा झाली ते बरं झालं.

दादा फौजेत आहे. त्याच्याबद्दल वाईट लिहावं असं माझ्याकडं काही नाही, हीच अडचण होती. बारावीनंतर अण्णा माझ्या लग्नाचं बोलत होते, तेव्हा दादानंच युनिटमधून फोन करून सांगितलं, की तिला सातारला पाठवा. तो आला की माझी पुस्तकं हातात घेऊन वजन बघतो आणि म्हणतो, "ह्येच्यापरास रायफल हलकी." या सुट्टीत त्याला नदीवरून पाइपलाइन करायची होती. एकाच नावावर कागद असले की कामं पटपट होतात, असं त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं. आईचं म्हणणं वेगळं होतं. माझ्या लग्नाआधी हे झालेलं बरं, नंतर सासरची माणसं मध्ये येतात. ती स्वतःचा हिस्सा पुढं कधीतरी देणार होती. घाई माझ्या सहीची होती. मला कुणी विचारलं नाही, हेही खरं आहे आणि मी काही बोलले नाही, हेही. आमच्याकडं ज्या गोष्टी ठरलेल्या असतात त्या विचारत नाहीत.

तालुक्याच्या ऑफिसबाहेर लिंबाखाली दस्त लिहिणारे टेबलं टाकून बसलेले असतात. आमचा कागद तयारच होता. लिहिणाऱ्यानं बोट ठेवून दाखवलं, इथं, इथं आणि इथं. मी सह्या केल्या. दादाच्या दोन मित्रांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. मग आत गेलो. आत दस्त नोंदवणारे साहेब मान खाली घालून काम करत होते. माझा कागद समोर आल्यावर त्यांनी खाली बघतच विचारलं, "वाचून, समजून सही केलीय ना?"

हा प्रश्न ते दिवसभर विचारत असणार. उत्तरासाठी कुणी थांबतही नसेल. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्याच लक्षात आलं की मी वाचलेलं नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका परक्या बाईचं वाक्यन् वाक्य मी मुलांकडून तपासून घेते आणि माझ्या बापाच्या रानाचा मराठीतला कागद मी न वाचता सही करून आले होते.

मी म्हटलं, "सही केलीय. वाचलं नाही."

साहेबांनी मान वर केली. रागावले नाहीत. "मग बाहेर बसून वाचा आणि या," म्हणाले, आणि पुढच्याचं नाव पुकारलं.

बाहेरच्या बाकावर बसून मी तो कागद वाचला. त्यात लिहिलं होतं, की मी माझ्या बंधूवरील प्रेमापोटी, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता माझा हक्क कायमचा सोडून देत आहे. खाली माझी सही. मला सवयीनं पहिला प्रश्न पडला: हे कोण बोलतंय?

मी बोलत नव्हते. असं वाक्य मी कधी म्हटलंच नव्हतं. दादाही बोलत नव्हता, त्यानं कधी मागितलंच नव्हतं. तो दस्त लिहिणाराही बोलत नव्हता. त्याच्या कॉम्प्युटरवर हे आधीपासून होतं, तो नुसती नावं बदलत होता. आमच्या दोघांच्या वतीनं तिसरंच कुणीतरी बोलून गेलं होतं आणि ते कोण, हे आम्हा दोघांना चांगलं माहीत होतं, कारण लहानपणापासून घरात, भावकीत आम्ही तेच ऐकत आलो होतो. गाईडातला स्त्रीवादी दृष्टिकोन मला तेव्हा पहिल्यांदा कळला, असं म्हटलं तर मोठं बोलल्यासारखं होईल. पण त्या बाकावर मला काहीतरी दिसलं, एवढं खरं.

दादा चहाचे कप घेऊन आला. "काय चुकलंय का त्यात?"

"चुकलं नाही. पण हे मी म्हटलेलं नाही, दादा."

"आगं, कागद हाय त्यो. कागदात आसंच लिवत्यात."

"मग तू म्हण. मला तोंडानं म्हण, तुझा हिस्सा मला दे."

तो कप हातात धरून उभा राहिला. त्याचे मित्र लांब लिंबाखाली मोबाइल बघत होते. त्यांच्याकडं एकदा बघून म्हणाला, "मी कसं म्हणू?"

"का?"

"तसं म्हणाय लाज वाटती गं."

मी म्हटलं, "मलाही देते म्हणायला जमत नाही. पाइपलाइनला माझी संमती आहे, लागेल तिथं सही करते. ही नको."

चहा पिऊन झाल्यावर त्यानं दोन्ही कप नेऊन टाकले, मित्रांना काहीतरी सांगितलं आणि कागद न नोंदवताच गाडी काढली. रस्त्यात एकदाच बोलला. "आईला काय सांगू?" मी म्हटलं, मी सांगते.

आईला सांगणं मला तोंडी परीक्षेपेक्षा जड गेलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "मीबी दिली व्हती सही माज्या भावास्नी. माजं काय वाईट झालं?" दर दिवाळीला तिला मामांकडून साडी येते, आई ती जपून नेसते, आणि त्या साडीबद्दल मी काय बोलणार? तिच्या प्रश्नाला मी शिकवते त्यातल्या एकाही दृष्टिकोनात धड उत्तर नाही. मी शोधलं. पुढं बरेच दिवस ती माझं ताट वाढून ठेवायची आणि शेजारी जाऊन बसायची.

दादाची सुट्टी संपली तेव्हा मी त्याला एसटीवर सोडायला गेले. खिडकीतून म्हणाला, "तुज्या त्या बाईनं लय घोळ केला बघ." पण हसून म्हणाला. महिन्याभरात पाइपलाइनचा कागद त्यानं माझ्या मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिलं, वाचून सही कर.

वर्गात मी स्वतःहून सांगितलं. अश्विनीनं विचारलं होतं, तिला उत्तर द्यायला हवं होतं. म्हटलं, सही केली होती, पण कागद नोंदवला नाही. टाळ्या वगैरे काही झालं नाही आणि ते बरंच झालं. बिरुदेव म्हणाला, "मंजी मॅडम, तुमी स्त्रीवादातनं सुटला आणि मार्क्सवादात सापडला. आता तुमी जमीनदार." सुभेदार काका म्हणाले, "तुमच्याकडं तोडणीला टोळी कुठली येती मॅडम?" मला गाव माहीत होतं. माणसांची नावं माहीत नव्हती. दरवर्षी आमच्याच बांधावर त्यांच्या खोपी पडतात आणि मला एकाचं नाव सांगता आलं नाही. बेटावरच्या मळ्यांबद्दल मी किती तास बोलले होते. त्या हंगामात टोळी आली तेव्हा मी जाऊन बसले, नावं विचारली. एवढ्यानं काही होत नाही, मला ठाऊक आहे.

अश्विनीचं लग्न ठरलं. तिचा एक दिवस फोन आला, की मी सही केली. मला वाईट वाटलं ते आवाजात आलं असावं. ती म्हणाली, "वाचून केली मॅडम. भावाला चालता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण त्यातलं ते राजीखुशीचं वाक्य मी काढायला लावलं. मी सांगितलं तेच लिहिलं त्यांनी." काय लिहिलं, ते मी विचारलं नाही. ते तिचं पान आहे.

आता एकच प्रसंग सांगून थांबते. माघात आमचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवर पुन्हा फुटलेला ऊस, मोडला आणि रान मोकळं झालं. रविवार होता, मी सोप्यात उत्तरपत्रिका तपासत बसले होते. बाहेर बिरुदेवचे वडील आले, डोक्याला पटका, हातात काठी. रानात मेंढरं बसवायची का, विचारायला. मेंढरं रात्री रानात बसली की खत होतं, म्हणून आमच्याकडं ती बसवून घेतात. दरवर्षी हे बोलणं अण्णांशी व्हायचं, गेल्या वर्षी आईनं दादाला फोन लावून दिला होता. ते दारातून म्हणाले, "वैनी, रान मोकळं झालं न्हवं. बसवू का मेंढरं? फौजीला इचारता का?"

आई तांदूळ निवडत होती. माझ्याशी तिचं बोलणं तेव्हा जेमतेम सुरू झालं होतं. तिनं सुपातून मान वर केली नाही.

"फौजीला कशापायी?" ती म्हणाली. "नावं तिघांची हायती. ती बसलीया बगा, तिला इचारा."

ते माझ्याकडं वळले. "किती राती बसवू, ताई?"

मला माहीत नव्हतं. एवढ्या रानाला किती रात्री लागतात, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. हातात लाल पेन तसंच होतं. मी म्हटलं, थांबा, दादाला विचारून सांगते, आणि मोबाइल शोधायला लागले.

"दादाला सांग," आई सुपाकडं बघतच म्हणाली. "इचारू नगंस."